पेन्सिलीतलं प्रदर्शन

सरकारी अभिलेखागारात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. जुनी कागदपत्रं वाचायला येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातलं पेन ती दारातच काढून घेई आणि त्याच्या हातात टोक केलेली पेन्सिल ठेवी. हातात पेन असलं की कधीतरी हात चुकतोच, आणि शाईचा ठिपका एकदा कागदावर बसला की आपण सगळे गेलो तरी तो तिथंच राहतो, असं तिचं म्हणणं. एकदा एका मंत्र्यांचंही पेन तिनं असंच काढून घेतलं होतं. जाताना ते परत न्यायला मंत्री विसरले, तेव्हा बाई त्यांच्या गाडीमागं रस्त्याच्या वळणापर्यंत धावली होती. तेव्हापासून ती सगळ्यांची पेन्सिलबाई झाली. घरी सासूबाईसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमची पेन्सिलबाई' म्हणत, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे शेजारणींना शेवटपर्यंत कळलं नाही.

या पेन्सिलबाईच्या मनात बरीच वर्षं एकच गोष्ट घर करून होती. वरच्या मजल्यांवर कपाटांच्या रांगाच्या रांगा. त्यांत शहराचे नकाशे, खटले, तक्रारी, फोटो. आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांचं हे सगळं, त्यांना त्याचा पत्ताच नाही. लोक या इमारतीपाशी येत ते शेजारच्या वाहन परवाना कार्यालयासाठी. चुकून एखादा इकडच्या दारात शिरलाच तर 'लायसन्स इथंच का?' एवढं विचारून मागं फिरे. खाली रस्त्याच्या बाजूला उंच खिडक्यांचा मोठा हॉल होता, पण त्यात मोडक्या खुर्च्या भरलेल्या. तिथं कागद मांडावेत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं सहज आत यावं, बघावं, एवढीच तिची इच्छा.

अभिलेखागाराचे साहेब मनानं चांगले, पण कुठल्याही अर्जावर 'चर्चा करावी' असं लिहून मोकळे होणारे. पेन्सिलबाईच्या अर्जावर त्यांनी हा शेरा इतक्या वेळा मारला होता की त्या शेऱ्यांचंच एक प्रदर्शन भरलं असतं. पण त्या वर्षी परवाना कार्यालयानं हॉल मागितला. त्यांची रांग उन्हात उभी राहत होती, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. खात्याच्या सचिवबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल टांगता ठेवला. अभिलेखागारानं पंधरा दिवस प्रदर्शन भरवून दाखवावं. शेवटच्या दिवशी त्या स्वतः येतील. लोक येत असतील तर हॉल यांचा, नाहीतर शेजाऱ्यांचा. शेजाऱ्यांना गेलाच तर त्याला लागून असलेला वाचनकक्षही त्यांचा, आणि वाचनकक्षाची टेबलं मागच्या गोदामात हलवायची, हेही ठरलं. त्या गोदामाला खिडकी नव्हती.

पेन्सिलबाई कंबर कसून कामाला लागली. पूल बांधला तेव्हाचे नकाशे तिनं काढले. पुलाच्या उद्घाटनाचा फोटो काढला. एका माणसाची बदकं रोज कोर्टाच्या आवारात शिरून न्यायाधीशांना बोलू देत नसत, त्या बदकांच्या मालकावर भरलेल्या खटल्याची कागदपत्रं काढली. रस्त्यात शीळ घालायला बंदी करावी म्हणून एका निवृत्त शिक्षकानं दर महिन्याला केलेले अर्ज काढले. एकेका कागदाखाली काय लिहायचं तो मजकूर तिनं सरकारी छापखान्यात धाडला. छापखान्यानं मजकूर मिळाल्याचं कळवलं आणि नंतर मौन धरलं.

आठवडा उरला तेव्हा तिच्या नवऱ्यानं जेवताना विषय काढला. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा; निम्म्या बाजाराला त्याच्याच हाताचं वळण होतं. तो म्हणाला की सांग, दोन दिवसांत सगळ्या पाट्या रंगवून देतो, रस्त्यापलीकडून वाचता येतील.

पेन्सिलबाईनं हातातला घास खाली ठेवला. रंग? त्या कागदांशेजारी? रंगाचा वास, रंगातलं तेल, काचेच्या पेटीत कोंडून? तिनं त्याला असं काही समजावलं, की तो जणू बादलीभर रंग कागदांवर ओतायलाच निघाला होता.

"बरं," तो म्हणाला. "मग लिही आपली पेन्सिलीनं."

तो चेष्टेत बोलला होता. तिनं ते मनावर घेतलं.

तिनं खरोखरच पेन्सिलीनं लिहिलं. तेही मऊ पेन्सिलीनं नाही, कारण मऊ शिशाची पूड उडते. चांगली कडक पेन्सिल घेऊन, मलईच्या रंगाच्या जाड कार्डांवर, बारीक सुबक अक्षरात तिनं सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. हाताखालच्या मंडळींनी त्या वाचल्या, साहेबांनी वाचल्या, सगळ्यांनी अक्षराला नावाजलं. आता यात कुणाचा दोष काढायचा? ज्यांची उभी हयात उडालेली शाई वाचण्यात गेली, त्यांना ती अक्षरं ठसठशीतच वाटली. हॉलमधले दिवेही यांनी मंद ठेवले होते, कारण उजेडानं कागद पिवळा पडतो. त्या मिणमिणत्या उजेडात, काचेच्या आड, ते फिकट अक्षर पायऱ्या चढून आलेल्या साध्या माणसाला कसं दिसेल, हा प्रश्न त्या इमारतीत कुणाच्याच डोक्यात आला नाही.

पहिल्या दिवशी दार उघडलं. माणसं आली, नाही असं नाही. पेटीपाशी थांबली, वाकली, डोळे बारीक केले, पुढच्या पेटीपाशी गेली, आणि पलीकडच्या दारानं निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. पेन्सिलबाई खांबाआड उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आपलंच चुकलं. आपल्याला जे गोड वाटतं ते जगाला वाटावंच असं कुठं आहे? कुणाच्या तरी बदकांचं कुणाला काय?

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. जन्मभर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. कानाला यंत्र लावून त्यांनी अर्ध्या शहराची भांडणं नि सोयरिकी ऐकल्या होत्या, आणि त्यांचा आवाज असा, की यंत्राची गरज फक्त समोरच्याला. त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या, पहिल्या पेटीपाशी थांबल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि भर हॉलमध्ये म्हणाल्या, "सूनबाई, या चिठ्ठ्या कोऱ्याच ठेवल्यास का गं? की ज्यानं त्यानं आपापल्या मनानं वाचायच्या?"

हॉलमधली होती तेवढी माणसं हसली. एका गृहस्थांनी तर सुटल्यासारखा श्वास सोडला; त्यांना वाटत होतं, आपलेच डोळे गेले. पेन्सिलबाईनं वाकून काचेतून बघितलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं ते परक्याच्या डोळ्यांनी बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी दिवे मोठे करायला सांगितले. ते मात्र तिनं साफ नाकारलं. माणसं आज येतील नि जातील, पिवळा पडलेला कागद पुन्हा पांढरा व्हायचा नाही, असं ती म्हणाली, आणि साहेबांनी या वेळी चर्चेचाही आग्रह धरला नाही. घरी नवरा नुसता ब्रश धूत बसला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी तिनं ठरवलं, चिठ्ठ्या बाहेर काढायच्या आणि कागदांपासून दूर बसून मऊ पेन्सिलीनं गडद गिरवायच्या. हॉलच्या दाराबाहेर व्हरांडा होता, तिथं उजेड चांगला. तिनं एक लांब टेबल टाकलं, सगळी कार्डं मांडली, आणि गिरवायला बसली. व्हरांड्याच्या कडेनंच परवाना कार्यालयाची रांग जायची. रांगेतल्या माणसाला डोळ्यांचं काय करावं हा मोठाच प्रश्न असतो. समोर काहीही ठेवा, तो वाचतो. त्यानं वाचलं.

"बदकांवर खटला?" रांगेतला एकजण म्हणाला. त्याच्यामागच्यानं मान पुढं काढली. मग त्याच्यामागच्यानं. कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि खरे कागद कुठं आहेत हे विचारून दोघं आपली जागा धरायला सांगून आत जाऊन आले.

मग एक निवृत्त बसड्रायव्हर पुढं झाले. उद्घाटनाच्या फोटोचं कार्ड त्यांनी हातात घेतलं, आत जाऊन फोटो बघितला आणि परत येऊन टेबलापाशी उभे राहिले. खुर्चीवर मधोमध टोपी घालून बसलेला माणूस म्हणजे पुलाचे मुख्य अभियंता, असं पेन्सिलबाईनं लिहिलं होतं.

"बाई, हा काही अभियंता नाही," ते शांतपणे म्हणाले. "हा आमचा आजा. हाच फोटो आमच्या घरात लागलाय."

त्यांनी सांगितलं ते असं. पूल व्हायच्या आधी नदी ओलांडायला त्यांच्या आजोबांची नाव होती. पूल झाला आणि नावेचा धंदा बसला. आजोबा इतके चिडले, की उद्घाटनाला नदीत उभे राहून शिव्या देईन म्हणाले. तेव्हा अभियंत्यानं त्यांना घरी जाऊन आणलं, आपली टोपी त्यांच्या डोक्यावर घातली, मधल्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः मागं छत्री धरून उभा राहिला.

पेन्सिलबाईच्या ओठांवर नेहमीचा प्रश्न आला: याला कागदाचा पुरावा काय? पण ज्या कार्डाबद्दल हे चाललं होतं त्यालाच तरी कुठला पुरावा होता? फोटोमागं नावं नव्हती. मधे बसलाय, टोपी आहे, म्हणजे अभियंता, असं तीच धरून चालली होती. मग तिनं रबर घेतलं, 'मुख्य अभियंता' खोडलं, आणि पेन्सिल ड्रायव्हरकाकांच्या हातात दिली.

बसचं चाक फिरवलेल्या त्या हाताला पेन्सिल पेलेना. त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं, खाली आपलं नाव लिहिलं, आणि मग फुंकर मारून कार्ड तिच्याकडे दिलं.

तिथून जे सुरू झालं त्याला काही धरबंध राहिला नाही. बूट विकणारे एक आजोबा म्हणाले की बदकांचा मालक म्हणजे आमचे पणजोबा, आणि कोर्टानं दंड केला हे कागदावर ठीक आहे, पण एक बदक न्यायाधीशांच्या स्वयंपाक्यानं लांबवलं ते कुठं लिहिलंय? एका बाईंनी सांगितलं की शिळेविरुद्ध अर्ज करणाऱ्या मास्तरांची मुलगी शेवटी शीळ घालणाऱ्याशीच लग्न करून गेली, आणि ती या बाईंची आत्या. पेन्सिलबाईनं युक्ती काढली. प्रत्येक कार्डावर मधे रेघ मारली. वरती 'कागद म्हणतो', खालती 'लोक म्हणतात'. वरचं तिनं लिहायचं, खालचं ज्याचं त्यानं, आणि खाली नाव घालायचं; गडद झालेलं कार्ड मग आपल्या पेटीवर जाई.

थापाही आल्या. एकानं लिहिलं की पूल त्याच्या आजोबांनी एकट्यानं बांधला. पण टेबलाशी आता सासूबाई रोज येऊन बसत होत्या, आणि शहरातलं कुठलं घर कुठल्या घराला काय बोललं होतं, हे त्यांच्या कानातून गेलेलं. त्यांनी त्या माणसाकडे बघून नुसतं विचारलं की आजोबा म्हणजे ते उंचीला घाबरणारेच ना? त्यानं रबर मागून घेतलं.

साहेब आले, त्यांनी रबराचा चुरा बघितला, वाकडीतिकडी अक्षरं बघितली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारी प्रदर्शनात कुणीही येऊन काहीही लिहितो, हे सचिवबाईंनी बघितलं तर? पेन्सिलबाईनं त्यांना हॉलकडे बोट दाखवलं. आत माणसं होती. गर्दी म्हणावी अशी नाही, पण पेटीपाशी थांबलेली, वाकलेली, एकमेकांना दाखवणारी. साहेब तसेच वर गेले.

शेवटच्या दिवशी सकाळी सरकारी छापखान्याची गाडी दारात उभी राहिली.

छापलेल्या पाट्या आल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर फार देखण्या होत्या. मोठं काळंभोर अक्षर, गुळगुळीत कागद, कोपऱ्यात राजमुद्रा. त्या मंद उजेडातही दारातून वाचता येत होत्या. साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतः उभं राहून एकेक पाटी पेट्यांवर लावून घेतली आणि पेन्सिलीची कार्डं एका ट्रेमध्ये भरून कपाटात ठेवायला लावली. पेन्सिलबाईनं ठेवली. ती तरी काय बोलणार होती? मजकूर तिनंच धाडलेला. तीन दिवस कुणाला काही वाचता आलं नाही ते तिच्यामुळं, आणि आता दारातूनही वाचता येत होतं, तरी तिचा चेहरा उतरलेलाच.

सचिवबाई आल्या. उंच, सावकाश चालणाऱ्या, समोरच्याचं पुरतं ऐकून मग बोलणाऱ्या. साहेब त्यांना एकेक पेटी दाखवत निघाले. पेन्सिलबाई दोन पावलं मागं. उद्घाटनाच्या फोटोपाशी त्या थांबल्या आणि त्यांनी पाटी वाचली.

"मुख्य अभियंता," त्या म्हणाल्या. "भारदस्त माणूस दिसतोय."

साहेबांनी होकार दिला. नेमके तेवढ्यात दारातून ड्रायव्हरकाका आत आले. एकटे नव्हते, सगळं घर घेऊन आले होते. त्यांची थोरली बहीण काठी टेकत पुढं, सुना, नातवंडं मागं. आपल्या माणसाचं नाव सरकारनं लावलंय, ते बघायला सगळे नवे कपडे घालून निघाले होते.

पेन्सिलबाईकडे विचार करायला फारसा वेळ नव्हता. गप्प राहिलं तर पाट्या सुंदर होत्या, माणसं येत होती, सचिवबाई खूश दिसत होत्या आणि हॉल हातात आल्यातच जमा होता. बोललं तर एक सरकारी पाटी खोटी ठरणार, ती पाटी लिहिणारी खोटी ठरणार, आणि पेट्यांवर आणखी किती खोटं आहे असं विचारायला सचिवबाई मोकळ्या. तिनं गोदामाचा विचार केला. मग तिला त्या म्हातारीची काठी फोटोच्या दिशेनं टकटकत येताना ऐकू आली.

"बाई, हा अभियंता नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. "हा नावाडी आहे. अभियंता मागं उभा आहे, छत्रीवाला. चूक माझी आहे. लोकांनी दुरुस्त करून दिली होती, पण ती पाटी आज कपाटात आहे."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

सचिवबाईंनी फोटो पुन्हा बघितला. मग विचारलं, "आणखी किती चुका आहेत?"

पेन्सिलबाई म्हणाली की चार तर नक्की. आणि जिथं चूक नाही तिथंही निम्मीच गोष्ट आहे. सचिवबाईंनी ती कपाटातली कार्डं आणायला सांगितली.

ट्रे आला. आणि मग सचिवबाईंना काही करावंच लागलं नाही. ड्रायव्हरकाकांनी आपलं कार्ड ओळखलं, बहिणीच्या हातात दिलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं कुणीतरी वाचून दाखवावं म्हणून सगळ्यात जवळच्या बाईकडे कार्ड पुढं केलं, आणि ती जवळची बाई सचिवबाई होती. त्यांनी वाचलं. नाव, नदीतल्या शिव्या, टोपी, छत्री, सगळं. म्हातारी ऐकून म्हणाली, "शिव्या दिल्याच होत्या त्यानं. फोटो झाल्यावर दिल्या. तेवढं राहिलं लिहायचं."

सचिवबाईंनी खिशातून पेन काढलं. पेन्सिलबाईचा हात आपसूक पुढं आला, आणि सचिवबाईंनी निमूटपणे त्यावर पेन ठेवून पेन्सिल घेतली. साहेबांनी मिटलेले डोळे अजून उघडले नव्हते, म्हणून बरं. मग सचिवबाईंनी 'लोक म्हणतात'खाली म्हातारीच्या शब्दांत ते वाक्य लिहिलं आणि तिचं नाव विचारून खाली घातलं.

त्यानंतर त्या बराच वेळ बदकांच्या कार्डापाशी होत्या. निर्णय त्यांनी जाता जाता, पायऱ्या उतरताना सांगितला. हॉल अभिलेखागाराचा. छापलेल्या पाट्या परत, पेन्सिलीची कार्डं पुन्हा पेट्यांवर. पण शेजारची रांग उन्हात उभी राहते हेही खरं, तेव्हा उद्यापासून ती रांग हॉलमधून जाईल. एका दारानं आत, पेट्यांच्या कडेकडेनं, दुसऱ्या दारानं परवान्याच्या खिडकीकडे. पेन काढून घ्यायची व्यवस्था दारातच ठेवा, असंही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग आत आली. पेन्सिलबाई आता हॉलमध्ये आणलेल्या टेबलापाशी, शेजारी सासूबाई. थोड्याच वेळात खिडकीतून एक नंबर पुकारला गेला. कुणी हललं नाही. पुन्हा पुकारला. तो नंबर ज्याच्या हातात होता तो शिळेच्या अर्जांपाशी मागच्या माणसाशी वाद घालत होता, की मास्तर बरोबर होते. पुढचा नंबर पुकारला. तो फोटोपाशी होता. शेवटी परवाना कार्यालयाचा कारकून कपाळाला आठ्या घालून स्वतःच हॉलमध्ये आला, एकेकाला हुसकायच्या तयारीनं. जाता जाता त्याची नजर पुलाच्या नकाशाकडे गेली. तो थांबला. वाकला. डोळे बारीक करायची आता गरज नव्हती.

"इथं हे चुकलंय," तो म्हणाला. "ही गल्ली अशी वळत नव्हती. आमचं घर होतं तिथं."

सासूबाईंनी त्याला बसायला खुर्ची सरकवली. त्या सकाळी परवान्याची खिडकी बराच वेळ रिकामी होती, आणि गंमत म्हणजे रांगेतल्या एकानंही तक्रार केली नाही.